रिकामी फेरी

आमच्या इमारतीतल्या लिफ्टला स्वतःची अक्कल नाही. इतर ठिकाणच्या लिफ्ट बटण दाबलं की येतात, दार आपलं आपण उघडतात, वर गोड आवाजात कितवा मजला आला तेही सांगतात. आमची लिफ्ट म्हणजे एक लाकडी कपाट. ओढायचं जाळीचं दार, आत एक स्टूल, मागे पारा उडालेला आरसा आणि उजव्या हाताला पितळी मूठ. मूठ एका बाजूला फिरवली की कपाट वर, दुसऱ्या बाजूला फिरवली की खाली, आणि नेमकी वेळ साधून सोडली नाही तर मजल्याच्या वीतभर अलीकडे नाहीतर पलीकडे. म्हणून मूठ धरायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे मामा.

मामा नेमके कोणाचे मामा, हे कोणालाच ठाऊक नाही. मी चौथ्या मजल्यावरच्या वकिलांकडे टायपिस्ट म्हणून लागले तेव्हा माझे केस काळे होते, त्यांचेही काळे होते, आणि तेव्हाही ते मामाच होते. खाकी शर्ट, खाकी टोपी, खिशात घडी घातलेला रुमाल. माणसांची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. माणूस म्हणजे त्याचा मजला. मी 'चौथ्याताई'. वरच्या मजल्यावर जाहिराती बनवणारी तरुण मंडळी म्हणजे 'पाचवे'. आमच्या वकीलसाहेबांना ते तोंडावर 'साहेब' म्हणत आणि माझ्याकडे चौकशी करायची असली की विचारत, "मोठे चौथे आले का?"

बोलणं बेताचं. "या चौथ्याताई." "सावकाश उतरा, वीतभर खाली राहिली." संपलं. माझी जीभ मुळातच लांब, त्यामुळे मला त्यांना डिवचल्याशिवाय राहवायचं नाही. एकदा म्हटलं, "मामा, जन्मभर वरखाली केलंत, पण पोचलात कुठे?" ते म्हणाले, "दुसऱ्यांना पोचवलं की, ताई." मला गप्प बसवणारी माणसं फार नाहीत. जी आहेत त्यांच्यावर माझा जीव आहे.

तर, कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्टचं एक गणित असतं. सकाळी सगळ्यांना वर जायचं असतं, खाली कोणालाच यायचं नसतं. त्यामुळे लिफ्ट भरून वर जाते आणि रिकामी खाली येते. संध्याकाळी उलटं, भरून खाली आणि रिकामी वर. त्या रिकाम्या फेरीत मामा एकटे असत. आणि त्या फेरीत ते बायकोशी बोलत असत.

बायको वारली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगाच गोड कल्पना करून घ्यायला नको.

मामींना दम्याचा त्रास होता. रोज संध्याकाळी सुटायच्या सुमारास त्यांचा फोन यायचा, मामा एका हाताने मूठ धरून दुसऱ्या हाताने फोन कानाला लावायचे, आणि लिफ्टमध्ये कोंबलेल्या आम्हा सगळ्यांना एकच वाक्य ऐकू यायचं. "आलोच गं, एवढी फेरी झाली की." आम्ही त्यावर घड्याळ लावावं इतकं ते ठरलेलं होतं. एका संध्याकाळी मामी म्हणाल्या की आज जरा जास्त वाटतंय, लवकर या. मामा म्हणाले, आलोच गं, एवढी फेरी झाली की. पाचव्यांचे कसले तरी खोके उतरवायचे होते. एवढी फेरी झाली, मग आणखी एक झाली. ते घरी पोचले तेव्हा शेजारणीने मामींचे डोळे मिटवून चादर नीट केलेली होती.

मामा काही दिवसांनी कामावर आले. टोपी जागेवर, रुमाल जागेवर. आम्ही सगळे जपून वागलो, आणि मग माणसं जशी विसरतात तसे विसरलो. मी एकदा त्यांच्या घरी जाऊन आले होते, म्हणून मला घर ठाऊक. दोन खोल्या. आतल्या खोलीत मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात, बाहेरच्या खोलीत टीव्ही, जेवणाचं टेबल आणि मामांचा पलंग. तीच येण्याजाण्याची वाट. माणसं चांगली, पण त्या घरात म्हाताऱ्याला रडायचं असेल तर रांग लावावी लागेल. दार ओढून घेता येईल अशी मामांची एकच जागा होती, आणि तिलाही दार होतं ते जाळीचं.

आता मला हे बोलणं कसं कळलं? आमचा जिना लिफ्टच्या भोवती वळसे घेत वर जातो आणि मधे नुसती जाळी आहे. बायकांचं बाथरूम तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या वळणावर. एका सकाळी मी तिथून बाहेर पडतेय तो खाली जाणाऱ्या लिफ्टमधून मामांचा आवाज आला. "चौथ्याताईंनी केस रंगवलेत. नाही गं चांगले दिसत. पण सांगणार कोण? हो, तुला बरं होतं, तू सांगून टाकली असतीस." मधे थोडं थांबणं, कोणीतरी उत्तर देत असल्यासारखं. मग हसणं. लिफ्ट खाली गेली. मी तिथेच उभी. आधी राग आला, मग परत आत जाऊन आरशात केस पाहिले. दुसऱ्या दिवसापासून मी केस रंगवणं सोडलं, आणि मामांनी ते पाहिलं, आणि दोघंही काही बोललो नाही.

पुढच्या वेळी त्या वळणावर पोचायच्या आधी मी खोकले. आवाज थांबला, लिफ्ट गेली, मग खालून पुन्हा हळूच सुरू झाला. मला वाटलं, ही युक्ती माझीच. पण लवकरच ध्यानात आलं की दुसऱ्या मजल्यावरचा शिपाई खोकतो, तिसऱ्यावरचे हिशेबनीस खोकतात, आणि ज्यांनी आयुष्यात कोणाला वाट दिली नाही ते आमचे मोठे चौथेसुद्धा जिन्याने येताना घसा खाकरतात. कोणी कोणाला शिकवलं नव्हतं, कोणी कधी त्याबद्दल बोललं नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. नव्या माणसाला वाटायचं, या इमारतीत धूळ फार आहे. मामांना ठाऊक होतं की आम्हाला ठाऊक आहे, आणि तरी त्यांचं जे होतं ते त्यांचंच राहिलं होतं. असं बरीच वर्षं चाललं.

मग तिसऱ्या मजल्यावरून कोणाचा तरी लॅपटॉप चोरीला गेला आणि इमारतीच्या कमिटीने जागोजागी कॅमेरे लावले. एक लिफ्टच्या कोपऱ्यात, वर, लाल दिव्याचा. पडदा जिन्याखालच्या चौकीत, वॉचमनच्या टेबलावर. वॉचमन आणि मामा जुने दोस्त. एका कपातला अर्धा अर्धा चहा पिणारे. मामांनी त्याला विचारलं, "याला कान असतात का रे?"

"नाही रे, नुसता डोळा आहे," वॉचमन म्हणाला. त्याला तेव्हा खरंच तेवढंच ठाऊक होतं.

मामांनी स्टूल फिरवलं आणि मुठीच्या भिंतीकडे तोंड करून, डोळ्याकडे पाठ करून ते बसायला लागले. ओठ दिसले नाहीत की झालं, हा त्यांचा हिशेब. जन्मभर माणसं त्यांच्या पाठीशीच उभी राहत आली होती, आणि पाठीवरून कोणाला काही कळत नाही हा त्यांचा अनुभव होता. बोलणं पूर्वीसारखं सुरू राहिलं. आम्ही पूर्वीसारखे खोकत राहिलो. कॅमेऱ्याला काही खोकता येत नाही.

पुढे कॅमेरा साफ करायला कंपनीचा माणूस आला आणि जाता जाता त्याने वॉचमनला दाखवलं की हे इथे दाबलं की आवाजही येतो. झालं, माकडाच्या हाती कोलीत. कंटाळवाण्या सकाळी वॉचमनने ते दाबलं, ऐकलं, त्याला हसू आलं, आणि त्याने आपल्या मोबाइलवर तो पडदा चित्रित करून इमारतीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपले मामा बघा, एकटेच गप्पा मारतात." पुढे हसणारे चेहरे.

त्यात मामा असं म्हणत होते: "अगं, आज सूनबाईने भाजीत परत दोनदा मीठ घातलं. मी नाही बोललो. पाणी पिऊन संपवली. तिचं तरी डोकं कुठे ठिकाणावर असणार, दिवसभर उभी असते बिचारी. हो. हो. आलोच गं, एवढी फेरी झाली की."

ग्रुपवर पाचवेही होते. जाहिरातवाली मंडळी, त्यांना बरोबर कळतं लोकांना काय लागतं. त्यांनी 'बिचारी'चं वाक्य कापलं, कारण ते लांबत होतं. शेवटच्या वाक्याला पेटीवरची एक संथ चाल लावली, ते तीनदा घोळवलं, मामांच्या पाठीभोवती हृदयं उडवली, वर 'वारलेल्या बायकोशी गप्पा' असं लिहिलं आणि सोडून दिलं जगात. मनात काही वाईट नव्हतं. आमच्याकडे त्या काळात कोणाच्याच मनात काही वाईट नव्हतं, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागणार आहे.

मला तो व्हिडिओ माझ्या बहिणीने पाठवला, दुसऱ्या शहरातून. "किती गोड आजोबा ना! मी तर रडलेच." मी बघितला आणि मोबाइल पालथा ठेवला. ते वाक्य शेवटचं खरं कधी बोललं गेलं, हे मला ठाऊक होतं. तिला सांगावंसं वाटलं, आणि नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तेही तिने पुढे पाठवलं असतं.

मामांना सर्वांत शेवटी कळलं. एक अनोळखी मुलगी लिफ्टमध्ये शिरली, मोबाइल समोर धरला आणि चालीत म्हणाली, "आलोच गं, एवढी फेरी झाली की!" मी आतच होते. मामांनी वळून तिच्याकडे पाहिलं. ते तसं पाहणं मी विसरणार नाही. आपल्या घरातली वस्तू परक्याच्या हातात दिसावी तसं त्यांनी पाहिलं. मुठीवरचा हात सुटला नाही, पण लिफ्ट मजल्याच्या चांगली हातभर वर जाऊन थांबली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

मी त्यांच्याबरोबर चौकीत गेले. वॉचमनने मोठ्या कौतुकाने व्हिडिओ लावला. मामा वाकून पाहत राहिले.

"ही माझी पाठ," ते म्हणाले. मग वॉचमनला म्हणाले, "तू म्हणाला होतास, नुसता डोळा आहे."

"अरे, तेव्हा मला तरी कुठे ठाऊक होतं? आणि मी काय बदनामी केली का? कौतुक चाललंय तुझं! लाखो लोक ऐकतायत."

"लाखो लोकांशी मी कुठे बोलत होतो?"

वॉचमन हसायला गेला आणि त्याला जमलं नाही. माझ्या तोंडात त्याच्यासाठी जे जे आलं ते मी बोलून घेतलं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने आपल्याकडचा व्हिडिओ पुसला आणि मामांना येऊन सांगितलं, "काढला बघ मी." जणू बादली नदीत ओतून वर म्हणावं, बघ, माझी बादली रिकामी आहे. मामा "बरं" म्हणाले. चहा मात्र त्यांनी त्या दिवसापासून वेगळ्या कपात घेतला.

मग लोक यायला लागले. ज्यांचं इमारतीत काही काम नाही असे लोक लिफ्टने वर जाऊन लिफ्टनेच खाली यायचे. कोणी खांद्यावर हात टाकून फोटो काढायचे. कोणी म्हणायचं, "आजोबा, एकदा म्हणा ना." कोणी बाई येऊन त्यांचे हात हातात घेऊन रडल्या आणि रडतानाचं चित्रीकरण त्यांची मैत्रीण करत होती. व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं मी वाचलं, वाचायला नको होतं. एक म्हणे, असं प्रेम आता कुठे राहिलंय. एक म्हणे, म्हाताऱ्याला डॉक्टरकडे न्या. एकाने त्यांच्यासाठी बायको शोधायची तयारी दाखवली होती. आणि बाकीच्यांतल्या निम्म्यांनी सुनेला धारेवर धरलं होतं. सासऱ्याला धड जेवायला घालत नाही म्हणून म्हातारा मेलेल्या बायकोकडे गाऱ्हाणं घालतो, असा निकाल लावून ते मोकळे झाले होते.

सून औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. आठवडाभरात तिला कोणीतरी शोधून काढलं. गिऱ्हाइकं गोळ्या घेताना विचारायला लागली, "मीठ किती वेळा?" दुकानाच्या मालकाला त्यात गंमत वाटली, गर्दी वाढली होती. एका दुपारी ती आमच्या ऑफिसात आली. दमलेली, सरळ बाई. मला म्हणाली, "ताई, हे काढून टाकता येतं का, एवढं साहेबांना विचारायचंय."

मी तिला आत नेलं. मोठ्या चौथ्यांनी चष्मा काढून पुसला. "दावा कोणावर लावायचा? वॉचमनवर? पाचव्या मजल्यावरच्या पोरांवर? की ज्यांनी पुढे पाठवला त्या सगळ्यांवर?" मग चष्मा पुन्हा चढवून म्हणाले, "आणि समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल, हे बोलणं जिन्यात ऐकू येत होतं का? तुम्ही काय सांगणार? येत होतं. मग तो म्हणेल, खासगी कशावरून?"

"पण आपण खोकायचो ना, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खोकायचो," ते म्हणाले. "ते कोर्टात कसं दाखल करू?"

सून बाहेर येऊन माझ्या टेबलापाशी बसली. मी तिला पाणी दिलं. म्हणाली, "मला राग नाही हो बाबांचा. पण एकदा मला सांगायचं होतं. मी कमी घातलं असतं." मग म्हणाली, "आता ते ताटावर बसायच्या आधीच म्हणतात, छान झालंय. घास तोंडात जायच्या आधी. परवा मी मीठ घालायलाच विसरले होते, तरी म्हणाले, छान झालंय. सगळे तसेच जेवले. कोणी मीठ मागितलं नाही." इतकं सांगून ती गेली, कारण तिची सुट्टी दुपारपुरतीच होती.

मी हे मामांना सांगितलं नाही, पण त्यांना ते माझ्याआधीपासून ठाऊक होतं. एकदा लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो, तर आपणहून म्हणाले, "ताई, जे मी तिला तोंडावर कधी बोललो नाही ते साऱ्या जगाने तिला बोलून दाखवलं. आणि बोलणारा मी ठरलो. तिला वाटतं, मी अजून काय काय बोलत असेन."

"मग सांगा ना तिला, की पुढे 'बिचारी' म्हणाला होतात."

"सांगितलं. ती म्हणाली, हो बाबा. पण ते तिने ऐकलेलं नाही ना. ऐकलं ते हेच."

मुलाने समजूत घालायचा आपला प्रयत्न केला होता म्हणे. "बाबा, तुम्ही आईशी बोलता हे आम्हाला कधी सांगितलं नाहीत." मामांनी त्याला विचारलं होतं, "तुम्हाला कशाला सांगू? तिच्याशी बोलत होतो." मुलाला वाईट वाटलं. त्या घरात सगळ्यांना एकमेकांचं वाईट वाटत होतं आणि त्यावर काही उपाय नव्हता.

त्या दिवसांत मला एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. मी वळणावर खोकायची, आणि थांबायला आवाजच नसायचा. मामांनी बोलणं सोडलं होतं. रिकामी लिफ्ट नुसती दोरांच्या करकरीसह खाली जायची. स्टूल पुन्हा फिरवलेलं, तोंड कॅमेऱ्याकडे. कमिटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं होतं की लोक एवढे प्रेमाने येतात तर जरा हसून हात करत जा, इमारतीचं नाव होतंय. मामा सांगितलेलं ऐकणारे. दार उघडलं आणि मोबाइल दिसला की ते हसायचे आणि हात करायचे. हळूहळू मोबाइल नसला तरी करायला लागले.

मला राहवेना. म्हटलं, "मामा, तोंडाने नका बोलू. मनातल्या मनात बोला. तिथे कोण ऐकणार?"

त्यांनी मान हलवली. "केलं करून. मनातल्या मनात बोललं की ती उत्तर देत नाही, ताई. तोंडाने बोलावं लागतं."

"मग कुठेतरी बाहेर जा. मोकळ्या मैदानात."

"गेलो होतो. एकाने ओळखलं."

पाचव्यांकडे तेव्हा घरपोच सामान पोचवणाऱ्या एका कंपनीचं काम आलं. ते खाली येऊन मामांना म्हणाले की तुम्ही फक्त ते एक वाक्य म्हणायचं, बाकी आम्ही बघतो. चांगला मोबदला देणार होते. मामा म्हणाले, "नको." पाचव्यांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी आग्रह केला नाही. दुसऱ्या कोणाकडून तरी म्हणवून घेतलं, आणि समोरच्या चौकात भलामोठा फलक लागला. खाकी टोपीतला हसरा म्हातारा, पाठीवर खोका, आणि अक्षरं: "आलोच गं, एवढी फेरी झाली की!" लिफ्ट तळमजल्याला आली, जाळीचं दार ओढलं की सरळ तोच दिसायचा. मामांच्या बायकोचा जीव ज्या खोक्यांपायी वाट बघत गेला, ते खोकेही त्या चित्रात होते. हे पाचव्यांच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं. त्या वेळचे पाचवे निराळे होते.

मी मामांना म्हटलं, "सोडा ही नोकरी." ते म्हणाले, "सोडून बसू कुठे? घरात?"

आणि मग एका सकाळी वीज गेली. मी उशिरा आले होते, लिफ्टमध्ये मी आणि मामा, दोघंच. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे कपाटाने एक आचका दिला आणि थांबलं. दिवा गेला. जिन्याच्या खिडकीतून जाळीवर थोडा उजेड येत होता, तेवढाच. मी वर पाहिलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला होता.

मामांनीही वर पाहिलं होतं.

इमारतीत शांतता. कुठे मोबाइल नाही, कुठे पाऊल नाही. मला एकदम सुचलं आणि मी बोलून गेले. "मामा, डोळा बंद आहे. कानही बंद आहेत. मी भिंतीकडे तोंड करते आणि कानात बोटं घालते. घट्ट घालते, शपथ. तुम्ही बोला."

मी त्या पारा उडालेल्या आरशाकडेही पाहिलं नाही, लाकडाला कपाळ टेकवलं आणि कानात बोटं खुपसली. माझ्या कानात माझंच रक्त वाजत होतं. मी मनापासून ऐकत नव्हते. आयुष्यात मी इतक्या निष्ठेने काही केलं नसेल. आतल्या आत म्हणत होते, मामी, जरा बोला हो त्यांच्याशी, फार दिवस झाले.

किती वेळ गेला कोण जाणे. खांद्याला बोट लागलं. मी वळले.

"झालं?" मी विचारलं.

मामांनी टोपी काढून हातात घेतली होती. टोपीशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खूपच म्हातारे दिसत होते.

"नाही," ते म्हणाले. "अगं म्हटलं. मग पुढे काही येईना. मग म्हटलं, आलोच गं. तर ते त्यांच्यासारखं आलं, ताई. चालीत आलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच आलं." त्यांनी गळ्यावर हात ठेवला, तिथे काही अडकलंय का बघावं तसा. "ती कशाला उत्तर देईल? ती म्हणत असेल, हा कोण आता?"

मी त्यांचा हात धरला. मला रडू येत होतं आणि ते मी लपवलं नाही. लपवून कोणापासून लपवणार होते? मी म्हटलं, "येईल परत, मामा. थोडे दिवस जाऊ द्या. लोक विसरतात."

"लोक विसरतील हो," ते म्हणाले. "मी कसा विसरू?"

तेवढ्यात वीज आली. दिवा लागला, कपाट हललं, आणि कोपऱ्यात तो लाल ठिपका पेटला. मामांनी टोपी डोक्यावर ठेवली, वर कॅमेऱ्याकडे पाहिलं, हसले आणि हात केला. हात वर गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी तो हळूच खाली घेऊन मुठीवर ठेवला.

"चौथा," ते म्हणाले. लिफ्ट बरोबर मजल्याशी लागली, बोटभरही इकडेतिकडे नाही.

मी उतरले. जाळीचं दार मागे ओढलं गेलं आणि लिफ्ट रिकामी खाली निघाली. मी ऑफिसात गेले नाही. जिन्याच्या वळणापर्यंत उतरले आणि जाळीला धरून उभी राहिले. खाली खाकी टोपी लहान लहान होत गेली. दोर करकरत होते. बाकी काही ऐकू येत नव्हतं. वरून हिशेबनीस जिना उतरत आले. त्यांनी मला पाहिलं, जाळीतून खाली पाहिलं, आणि सवयीने खोकले. मग मीही खोकले.